वहीतले साडेचारशे शब्द आणि आजीचा एक

ताई, मी एकोणतीस वर्षांची आहे, सगळं शिक्षण मराठीतून. दोन वर्षांपूर्वी ठरवलं की क्लास नको, सिनेमे बघून इंग्रजी शिकायचं. तेव्हापासून आठवड्याला दोन-तीन तरी होतात, खाली मराठी सबटायटल लावून. कानाला गोड लागलेला शब्द आला की वहीत. लिंगर, हश, ग्लिमर, एफेमरल, सेरेंडिपिटी, साडेचारशेच्या वर झालेत. काही सिनेमातले, काही 'इंग्रजीतले सगळ्यात सुंदर शब्द' अशा याद्यांमधले. लिंगर तर माझा फार लाडका, एका सिनेमात म्हातारी आजी दारात घुटमळणाऱ्या नातवाला 'डोन्ट लिंगर' म्हणते, तेव्हापासूनचा. पण मीटिंगमध्ये माझं तोंडच उघडत नाही. मागच्या महिन्यात धीर करून एका सहकाऱ्याला म्हटलं, 'युवर प्रेझेंटेशन वॉज व्हेरी मेलिफ्लुअस', तर दोघं हसले आणि तिसऱ्याने विचारलं, व्हेरी व्हॉट? त्या दिवसापासून वही उघडलीच नाहीये. दोन वर्षं फुकट गेली का?
वहीवाली

वहीवाली,

आधी त्या हसण्याचं बघू, कारण मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच पडलंय.

मेलिफ्लुअस हा शब्द लॅटिनमधून आलाय, मेल म्हणजे मध आणि फ्लुएरे म्हणजे वाहणं, म्हणजे मध वाहावा तसं. तो लावतात आवाजाला, बोलण्याच्या सुराला, गाण्याला. प्रेझेंटेशनला कोणी लावत नाही, जसं आपण 'तुमचा अहवाल फार सुरेल होता' म्हणणार नाही, व्याकरणात काही चुकलेलं नसतं पण समोरचा गालातल्या गालात हसतोच. आणि दुसरं, मी पैज लावते की तू 'मे'वर जोर दिलास. जोर असतो 'लि'वर, आधीचा 'मे' अगदी पुसट, जवळजवळ म-लिफ्-लु-अस. जोर चुकला की इंग्रजी कानाला ओळखीचा शब्दसुद्धा अनोळखी वाटतो, म्हणून तो 'व्हेरी व्हॉट'. कदाचित त्याला खरंच कळलं नसेल गं, आणि हेही शक्य आहे की त्याला तो शब्द मुळात माहीतच नव्हता आणि त्याने ते हसण्यावारी नेलं. हे दुसरं माणसं फार करतात.

आता गंमत बघ. मेलिफ्लुअस कुठून आला ते तू लिहिलं नाहीयेस. लिंगरबद्दल लिहिताना मात्र आजी आली, दार आलं, घुटमळणारा पोरगा आला. म्हणजे मेलिफ्लुअस यादीतला असणार, बरोबर ना? यादीतला शब्द एकटाच येतो, त्याला ना माणूस ना प्रसंग ना आवाज, आणि मग तो वापरायची वेळ आली की आपल्याला अंदाजपंचे वापरावा लागतो. सिनेमातला शब्द कोण कोणाला कधी म्हणालं हे सगळं गाठोडं घेऊन येतो. त्यामुळे तुझी दोन वर्षं फुकट गेलेली नाहीत, तू फक्त अशा दोन जातींचे शब्द एकाच वहीत एका खाली एक लिहून ठेवलेस आणि दोन्हींकडून सारखंच काम व्हावं असं धरून बसलीस.

लिंगरच घेऊ. आपल्याकडे त्याला जवळजवळ हुबेहूब शब्द आहे, रेंगाळणं. पोरगं दारात रेंगाळतं, चव जिभेवर रेंगाळते, सूर कानात रेंगाळतो, आणि इंग्रजीतसुद्धा वास लिंगर होतो, शंका मनात लिंगर होते, नजर एखाद्या चेहऱ्यावर लिंगर होते, आजारपणानंतरचा खोकला लिंगर होतो. म्हणजे शब्दाची सगळी सोबत तुला आधीच माहितीये, मराठीतून. आणि हाच शब्द मीटिंगमध्ये चालतो, 'लेट्स नॉट लिंगर ऑन धिस पॉइंट', या मुद्द्यावर रेंगाळायला नको, इतकं साधं आणि इतकं रुबाबदार वाक्य, कोणी हसणार नाही, उलट वेळ वाचला म्हणून आभार मानतील. हे वाक्य तुझ्या वहीत दोन वर्षं अर्धवट पडून होतं.

आणि आवाजाच्या प्रेमात पडणं हे पोरकट वगैरे अजिबात नाहीये, तुला कोणी तसं म्हटलं असेल तर सोडून दे. टॉल्किन हे भाषांचे प्राध्यापक होते, त्यांनी १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या एका व्याख्यानात सांगितलं होतं की 'सेलर डोअर' हे शब्द बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांना सुंदर वाटतील, विशेषतः अर्थ आणि स्पेलिंग बाजूला ठेवून ऐकले तर. सेलर डोअर म्हणजे काय, तर तळघराचं दार! अर्थ म्हणून काय आहे त्यात? काही नाही. पण हळू म्हणून बघ, ल आणि र मध्ये जीभ कशी सरकते. २००४ मध्ये ब्रिटिश कौन्सिलने इंग्रजी मातृभाषा नसलेल्या १०२ देशांतल्या चाळीस हजार लोकांना सगळ्यात सुंदर इंग्रजी शब्द विचारला, तर पहिला आला मदर, मग पॅशन, मग स्माइल. मेलिफ्लुअस नाही, एफेमरल नाही. माणसाला शब्द आवडतो तो नुसता कानाला नाही, कोणाच्या तोंडून आला त्यावरपण असतं ते. (फादर त्या यादीत नव्हताच, त्यावर तेव्हा लोकांनी भरपूर विनोद केले.)

तुझ्या वहीत ग्लिमर आहे म्हणालीस. त्याच्या शेजारी ग्लिटर, ग्लीम, ग्लो, ग्लिसन, ग्लेअर लिहून बघ, सगळीकडे उजेड. आणि स्नीझ, स्नोअर, स्निफ, स्नॉर्ट, स्नाउट, सगळीकडे नाक. जे. आर. फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९३० मध्ये अशा आवाजांच्या तुकड्यांना फोनेस्थीम हे नाव दिलं. नाव विसरलीस तरी चालेल. आपल्याला हे नवीन थोडंच आहे, लखलख, लुकलुक, लकाकणं, आणि झुळझुळ, सळसळ, खळखळ, आपल्या भाषेत तर याची खाणच आहे. त्यामुळे आवडलेला शब्द एकटा लिहू नकोस, त्याच्या घरातले दोघं-तिघं शोध, लक्षात आपोआप राहतात. नियम म्हणून मात्र धरू नकोस हं, ग्लव्ह आणि ग्लूमध्ये कसला आलाय उजेड.

आता तुझ्या सिनेमा बघण्याबद्दल, आणि इथे मी थोडी कडक बोलणार आहे. आठवड्याला तीन सिनेमे मराठी सबटायटल लावून बघणं हे इंग्रजी शिकणं नाहीये, ते सिनेमे बघणं आहे. छान आहे, बघ, पण त्याला अभ्यास म्हणू नकोस. डोळा मराठी वाचतो, मेंदूला अर्थ मिळाला की तो कानाला म्हणतो तू झोप. २००९ मध्ये होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी हेच तपासलं होतं, डच लोकांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन उच्चारातलं इंग्रजी दाखवलं, काहींना इंग्रजी सबटायटल, काहींना डच, काहींना काहीच नाही. इंग्रजी सबटायटल वाल्यांना नंतर ते उच्चार जास्त समजायला लागले, आणि डच सबटायटल वाल्यांची नवीन वाक्यं ओळखण्यात उलट पीछेहाट झाली, काहीच न लावणाऱ्यांपेक्षासुद्धा. म्हणजे मातृभाषेतल्या ओळी उच्चार शिकायला मदत करत नाहीत, आड येतात. तेव्हा आजपासून खाली इंग्रजी. सुरुवातीला दमायला होईल, दर दोन मिनिटाला काहीतरी निसटेल, निसटू दे.

पण इंग्रजी सबटायटल म्हणजे पण वेदवाक्य नव्हे, खाली जागा आणि वेळ कमी असतो म्हणून बोललेल्यातलं बरंच गाळलेलं असतं, आणि जे लिहिलंय तसं कोणी बोलत नाही. खाली दिसतं व्हॉट आर यू गोइंग टू डू, आणि कानावर येतं व्हॉच्यागना डू. तुला वाटतं ते भराभर बोलतात. भराभर नाही, ते वजन वेगळं टाकतात. आपण मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो, कोणाला उपाशी ठेवत नाही. इंग्रजीत एका अक्षराला भरभरून आणि शेजारच्या तिघांना चिमूटभर. फोटोग्राफ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर, फटॉग्रफी म्हणताना दुसऱ्यावर आणि पहिला फो पार विझलेला, फोटोग्रॅफिक म्हणताना तिसऱ्यावर. आपण तिन्ही ठिकाणी फोटो तसाच ठेवतो, सगळं स्पष्ट, सगळं नीट, आणि म्हणून मीटिंगमध्ये आपलं बरोबर इंग्रजीसुद्धा समोरच्याला दोनदा ऐकावं लागतं. हे वाचून कळणारं नाही, सिनेमाशिवाय पर्याय नाही याला. म्हणूनच म्हणते सिनेमा सोडू नकोस, पण बघायचा ढंग बदल.

एकच प्रसंग घे. अख्खा सिनेमा नाही, दोन-तीन मिनिटांचा प्रसंग, आणि नवीन शोधत बसू नकोस, आजीचाच घे, त्यावर तुझं आधीच प्रेम आहे. पहिल्यांदा सबटायटल बंद करून बघ आणि काय ऐकू आलं ते मराठी अक्षरात लिही, चुकलं तरी लिही, डोन लिंगर असंच लिहिशील बहुतेक. मग इंग्रजी सबटायटल लावून बघ आणि तुझं लिहिलेलं शेजारी ठेव. तिथे दिसेल की डोन्टमधला ट तिने बहुतेक गिळलाय, जिभेने नुसता स्पर्श केला आणि लगेच ल वर गेली. आणि नीट ऐक, लिंगरमध्ये ग स्पष्ट वाजतो. फिंगरमध्येपण वाजतो. पण सिंगरमध्ये वाजत नाही! आपण तिन्ही सारखेच म्हणतो, मी कित्येक वर्षं म्हणत होते, आणि जेव्हा पहिल्यांदा ते ऐकू आलं तेव्हा मी तेच वाक्य मागेपुढे करत बराच वेळ बसले होते, घरातल्यांना वाटलं हिचं काहीतरी बिघडलं. मग तिसऱ्या फेरीत तिच्याबरोबर म्हण, मागाहून नाही, बरोबरच, गाण्यात आपण साथ देतो तसं, तिचा श्वास जिथे तिथे तुझा. शब्द चुकले तरी चालेल पण चाल चुकता कामा नये. चार दिवस तोच प्रसंग. कंटाळा येईल, पाचव्या दिवशी भांडी घासताना ते वाक्य आपोआप तोंडातून पडेल, तेव्हा पुढचा प्रसंग घे. व आणि व्ह चंही असंच ओठांकडे बघून सुटतं, आपण लिहिताना व्हॉट आणि व्हेरी दोन्हींना व्ह लावून मोकळे होतो पण व्हेरीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि व्हॉटला ओठांचा चंबू होतो, दात कुठेच नाहीत. जवळून घेतलेला चेहरा पडद्यावर आला की ऐकू नकोस, बघ.

शब्दसंख्येची भीती घेऊ नकोस. स्टुअर्ट वेब आणि मायकेल रॉजर्स यांनी २००९ मध्ये ३१८ सिनेमांचे संवाद तपासले होते, तर नेहमीचे तीन हजार शब्द (म्हणजे गो, गोज, वेंट हे सगळं मिळून एक, असे) आणि विशेषनामं येत असली की जवळपास ९५ टक्के संवाद त्यात बसतो. ते तीन हजार शब्द म्हणजे एफेमरल नव्हेत, ते गेट, टेक, पुट, टर्न, मेक. दिसायला केवढेसे, पण उशिरा आलेल्या माणसाला दारात म्हणतात 'यू मेड इट' आणि तिथे बनवण्याचा काही संबंध नसतो, आलास एकदाचा, असं असतं ते. वहीत हे कोणी लिहीत नाही कारण ते सुंदर दिसत नाहीत. तू लिही. माझ्या मते तोंड न उघडण्याचं खरं कारण हेच आहे, तुझ्याकडे दागिने भरपूर आहेत आणि रोजचे कपडे नाहीत.

एक सावधगिरी, स्वतः पोळलेय म्हणून सांगते. सिनेमातली माणसं कोणाशी काय नात्याने बोलतायत हे बघितल्याशिवाय वाक्य उचलायचं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा सिनेमांमधून शिकले होते की मैत्रिणीने काही भन्नाट सांगितलं की डोळे मोठे करून 'शट अप!' म्हणतात, काय सांगतेस काय, या अर्थाने. तर एका वरिष्ठ बाईंनी फोनवर सांगितलं की त्यांची बदली झाली, आणि मी उत्साहात म्हटलं, शट अप! पलीकडे शांतता. मग मी सॉरी म्हटलं ते इतक्या वेळा की तेही वाईट दिसलं. सिनेमातले संवाद लिहिलेले असतात, माणसं तिथे अडखळत नाहीत, एकमेकांचं पूर्ण ऐकून मग टाळीचं वाक्य टाकतात, आणि शंभर वर्षांपूर्वीचा काळ दाखवणारा सिनेमा असेल तर ते इंग्रजी आज कोणी बोलत नाही. म्हणून वाक्य वहीत घेताना शेजारी दोन शब्द लिही, कोण कोणाला. बॉस हाताखालच्याला, बहीण भावाला, पोलीस चोराला. पोलिसाने चोराला म्हटलेलं मीटिंगमध्ये नको.

क्लासचं तू विचारलं नाहीस पण मनात असणारच. बघ, सिनेमाची एक मोठी खोट आहे, तो उत्तर मागत नाही. तू चुकलीस तरी पुढे जातो. कॅनडात इंग्रजी बोलणारी मुलं वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शाळा शिकत होती, समजायचं त्यांना उत्तम, पण बोलणं-लिहिणं त्यामानाने कच्चंच राहत होतं, त्यावरून मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी १९८५ मध्ये म्हटलं की नुसतं ऐकून भागत नाही, स्वतः वाक्य जुळवून बाहेर काढावं लागतं, तेव्हाच आपल्याला काय येत नाही ते आपल्याला कळतं. तुझं तेच झालंय. त्यामुळे क्लास लाव किंवा नको लावू, पण आठवड्यातून दोनदा कोणीतरी जिवंत माणूस पाहिजे ज्याच्याशी वीस मिनिटं फक्त इंग्रजीत बोलायचं, तुझ्याइतकंच अडखळणारी मैत्रीण असेल तर उत्तम, लाज निम्मी होते. विषय सुचला नाही तर त्या आठवड्याचा प्रसंग आपल्या शब्दात सांगायचा, आजी का ओरडली, पोरगा का थांबला होता.

वही फेकू नकोस, ती उघड. प्रत्येक शब्दाशी थांबून आठव, हा कोणाच्या तोंडून ऐकला होता? आठवलं तर त्यापुढे ते पूर्ण वाक्य लिही. नाही आठवलं तर तो यादीतला, त्याला शेवटच्या पानांवर हलव, तिथे तो नुसता गोड वाटण्यासाठी राहू दे, त्याच्याकडून काही कामाची अपेक्षा नको. पेट्रिकोर असा एक शब्द आहे बघ, कोरड्या मातीवर पाऊस पडल्यावरच्या वासाचा, १९६४ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी बनवलेला, मला जाम आवडतो, आणि आजवर मी तो बोलताना एकदाही वापरलेला नाहीये. मला त्याचं काही वाटत नाही. साडेचारशेतले सत्तर-ऐंशी पुढच्या पानांवर उरले तरी पुष्कळ झाले.

पुढच्या मीटिंगला एकच वाक्य घेऊन जा, लिंगरचं, आणि चर्चा एकाच मुद्द्यावर गोल गोल फिरायला लागली की म्हण. फिरतेच, वाट बघावी लागणार नाही. आणि तो प्रेझेंटेशनवाला सहकारी, त्याचा आवाज खरंच मधाळ असेल तर मेलिफ्लुअस अजून वाया गेलेला नाही, फक्त या वेळी आवाजाला म्हण, आणि जोर 'लि'वर दे.

ताई